लाटसाहेबांचे मांजर आणि आमची ठकी

पुण्याजवळच्या गव्हर्नरच्या बंगल्यावर पहारा देणाऱ्या देशी शिपायांना एक चमत्कारिक हुकूम पाळावा लागत असे. अंधार पडल्यावर पुढच्या दाराने जे मांजर बाहेर पडेल, ते साक्षात गव्हर्नरसाहेब समजावे आणि त्याला रीतसर सलामी द्यावी. हा हुकूम कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. एक पहारेकरी दुसऱ्याच्या हाती पहारा सोपवताना बाकीच्या सूचनांबरोबर हीही सूचना तोंडी सांगत असे. आणि हे थोडेथोडके नव्हे, पंचवीस वर्षे चालले!

ही हकिकत सर थॉमस एडवर्ड गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याने १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ व्हेरीड लाइफ' या आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. त्याने दिलेला खुलासा असा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली याच बंगल्यात वारले. ज्या दिवशी वारले त्याच दिवशी संध्याकाळी एक मांजर पुढच्या दाराने बाहेर पडले आणि बागेतल्या एका ठरावीक वाटेवर येरझारा घालू लागले. सूर्यास्तानंतर त्याच वाटेवर फिरायची ग्रँटसाहेबांची सवय होती. पहाऱ्यावरच्या एका हिंदू शिपायाने हे पाहिले, इतरांना सांगितले. चर्चा झाली. मग एका भटजींना विचारण्यात आले. त्यांनी पुनर्जन्माचा दाखला देऊन सांगितले, की साहेबांचा आत्मा बंगल्यातल्या मांजरात गेला आहे. आता बंगल्यात मांजरे अनेक. त्यांतले नेमके कोणते, हे कोण सांगणार? तेव्हा सुरक्षित मार्ग निघाला: अंधार पडल्यावर पुढच्या दाराने येईल त्या प्रत्येक मांजराला सलाम!

हा ग्रँट कोण, तर मुंबईतल्या ग्रँट रोडला ज्याचे नाव आहे तो. १८३५ ते १८३८ तो गव्हर्नर होता. ख्रिस्ती मंडळींत त्याची इंग्रजी भक्तिगीते आजही गायली जातात. ९ जुलै १८३८ रोजी तो दापोडीला वारला. दापोडीचा बंगला मूळचा दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेतल्या फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा. १८२८ मध्ये सर जॉन माल्कमने तो गव्हर्नरांसाठी घेतला आणि शेजारी वनस्पतींची मोठी बाग उभी केली. पुढे १८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या राजभवनाचे बांधकाम सुरू झाले. तीच आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. १८३८ मध्ये पंचवीस मिळवले तर १८६३ येतात, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. गव्हर्नरांचा मुक्काम हलायची वेळ येईपर्यंत मांजरांची सलामी चालू होती.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी हसण्यासाठी सांगतात. बघा, नेटिव्ह शिपाई किती भोळे! मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मात्र मला त्या पहिल्या शिपायाचे कौतुक वाटले. आत्मा वगैरे भटजींनी मागून जोडले. शिपायाने काय केले? त्याने एक मांजर पाहिले आणि त्याची सवय पाहिली. कुठल्या दाराने निघते, किती वाजता निघते, कुठल्या वाटेने जाते, कुठून परत फिरते, हे त्याला दिसले. साहेबाची सवयही त्याने तितक्याच बारकाईने पाहिलेली असणार, नाहीतर दोन्ही जुळल्याचे त्याला कळले कसे? आपल्या इतिहासात मांजराकडे असे पाहणारा माणूस फार विरळा.

माझी सारी नोकरी शिक्षकाची झाली. दरवर्षी 'माझा आवडता प्राणी' हा निबंध तपासायचा. निम्म्या वह्यांत मांजर असे आणि सगळ्या वह्यांतले मांजर एकच असे. मांजर हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात. ती उंदीर मारते व दूध पिते. ज्याच्या घरी खरोखर मांजर आहे तो मुलगासुद्धा हेच लिहायचा. त्याच्या मांजरीचे शेपूट मोडलेले आहे, ती फक्त आजीच्याच अंथरुणात निजते, हे तो मला पटांगणात सांगे, वहीत नाही.

जुन्या ग्रंथांचेही तेच. महाभारतात उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाबरोबर युधिष्ठिराला निरोप धाडतो, त्यात मांजराची गोष्ट आहे: गंगेकाठी हात वर करून तप करणारे, आणि विश्वासाने आलेले उंदीर एकेक करून फस्त करणारे. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला बैडालव्रतिक म्हटले आहे. महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या त्या भव्य शिल्पात मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर कोरले आहे, पायाशी उंदीर आहेत. पंचतंत्रातला दधिकर्ण तर न्यायाधीश होऊन वादी-प्रतिवादी दोघांनाही खातो. आपल्या बोलण्यातले मांजर डोळे मिटून दूध पिते, ते याच घराण्यातले. मला वाटते, या सगळ्याच्या मुळाशी मांजराची एक साधी सवय आहे: निवांत असले की ते पाय दुमडून बसते आणि डोळे अर्धवट मिटते. ज्याच्यापासून भीती नाही त्याच्यासमोरच ते असे करते. त्या विश्वासाला आपण दोन हजार वर्षे ढोंग म्हणत आलो.

त्यामानाने सिंधमधल्या चान्हुदडोची वीट जास्त प्रामाणिक. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात ती सापडली. चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ओल्या विटा वाळत घातल्या होत्या. त्यातल्या एकीवरून मांजर पळाले आणि त्याच्यामागे कुत्रा. दोघांचे पंजे उमटले. मांजर सुटले की सापडले ते वीट सांगत नाही.

आता आमच्या ठकीविषयी. ठकीला सोळावे वर्ष चालू आहे. मांजराची सोळा म्हणजे माणसाची ऐंशीच्या आसपास, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे घरात मी वडीलधारा होतो, तो मान तिने मला मागे टाकून घेतला आहे. अंगाने राखाडी, पोटाशी पांढरी. साधी गावठी मांजर. तिच्या आयुष्यात तिने कोणाला नाहक ओरबाडल्याचे मला आठवत नाही. नातवाने शेपूट धरले तर ती मागे वळून त्याच्याकडे फक्त बघते, आणि ते बघणे पुरते.

तिचा दिनक्रम मी अनेक वर्षे पाहतो आहे. पहाटे ती खाटेपाशी येते आणि आवाज न करता माझ्या हातावर पंजा ठेवते. नखे आत. दुपारी सुपात झोपते. सूप रिकामे असेल तरच. धान्य पाखडून ठेवले असेल तर शेजारी बसून सूप रिकामे व्हायची वाट बघते. मी पेपर उघडला की नेमक्या वाचायच्या पानावर बसते. आणि संध्याकाळी तिची फेरी असते. मोरीच्या भिंतीला लागून, तुळशीला उजवीकडे टाकून, पेरूखालून कुंपणापर्यंत, आणि त्याच वाटेने परत ओट्यावर. रोज तीच वाट.

ही फेरी घड्याळाप्रमाणे होते, अशी माझी समजूत होती. मग एका वर्षी नुसती गंमत म्हणून वेळा लिहून ठेवल्या. डिसेंबरात ती पावणेसहाच्या सुमारास निघे, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. तिचे घड्याळ म्हणजे मावळतीचा उजेड. मांजराचे डोळे आणि उंदराचे बाहेर पडणे, दोन्ही संधिप्रकाशाला जुळलेले आहेत, म्हणून त्या वेळेला मांजर उठतेच. दापोडीचे कोडे मला तिथे सुटले. ग्रँटसाहेब दिवसाचा उकाडा ओसरल्यावर बाहेर पडत, मांजर उजेड ओसरल्यावर. साहेब जिवंत असतानाही ते मांजर त्याच सुमाराला त्या बागेत फिरत असणार. पण साहेब समोर असताना मांजराकडे कोण बघतो! साहेब गेले, वाट रिकामी झाली, आणि मग शिपायाला तिथले मांजर दिसले. (जुलै म्हणजे पुण्यात ऐन पावसाळा. त्या संध्याकाळी पाऊस उघडलेला असणार हेही मी खात्रीने सांगतो. भिजून फेरी मारणारे मांजर मला अजून भेटायचे आहे.)

ठकी आता उंदीर मारत नाही. दोनेक वर्षे झाली. दात गेले आहेत, उडी मारवत नाही, फळीवर चढायचे तिने सोडले आहे. शेजारच्या एका काकूंनी मध्यंतरी सहज विचारले, "गुरुजी, आता ही काय कामाची?" त्यांचा उद्देश वाईट नव्हता. आमच्याकडे घरात कणगी असते, भात असतो, ज्वारी असते, मांजर त्यासाठीच ठेवतात. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण मांजर कामाचे किती, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात एकदा फार गंभीरपणे विचारला गेला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो पुण्यात, खानदेशात, वऱ्हाडात पसरला. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि शेतात झोपड्या घालून राहायचे, हे आमच्या आजोबांच्या पिढीला सवयीचे झाले होते. पुण्यात रँडच्या अधिकाऱ्यांनी घरे तपासताना जो जुलूम केला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री झाला. चापेकर बंधूंनी त्याला गाठले ते गणेशखिंडीच्या त्याच राजभवनातला समारंभ आटोपून परतताना. दुसरीकडे मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा होती ग्रँट मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज आमच्या मांजरवाल्या ग्रँटसाहेबाच्याच नावाचे! पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो.

म्हणजे उंदीर हटवला पाहिजे. पण कसा? पिंजरे लावा, विष घाला, असे सरकार सांगे. उंदीर हे गणपतीचे वाहन, आणि जीवहत्या नको, म्हणून अनेक घरांत त्याला नकार. अशा वेळी अमरावतीला असलेल्या लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टरला मांजर आठवले. गावोगावी घरे किती, मांजरे किती, याची त्याने मोजदाद करवली आणि सांगितले, की ज्या गावात मांजरे भरपूर तिथे प्लेग शिरत नाही किंवा टिकत नाही. १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याचा लेख आला. मांजरे हीच प्लेगची प्रतिबंधक, असा त्याचा मथळा होता. पिंजरा न लावणारे घरही मांजर पाळते. मांजराने उंदीर मारला तर त्याचे पाप घरधन्याला नाही. वऱ्हाडच्या खेड्यातली साधी गावठी मांजर अशी लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात जाऊन बसली.

ब्यूकॅननचे म्हणणे कितपत खरे? २०१८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कचऱ्याच्या एका कारखान्यात ७९ दिवस कॅमेरे लावून उंदीर-घुशींवर आणि तिथल्या भटक्या मांजरांवर नजर ठेवली होती. इतक्या दिवसांत मांजरांनी मारले फक्त दोन! पण मांजर आसपास असले की ते बिळाबाहेर कमी येत, लपून राहत. तिथले उंदीर म्हणजे दांडगे, आपल्या कौलांत राहणारे घरउंदीर त्यापेक्षा लहान आणि मांजराला झेपणारे. तेव्हा वऱ्हाडातल्या मांजरांनी दोनपेक्षा जास्त नक्कीच मारले असतील. तरी मला त्या अभ्यासातले लपण्याचे महत्त्वाचे वाटते. मांजराच्या वासानेच उंदीर बिचकतो. तो वास तरुण मांजरीचा की सोळा वर्षांच्या म्हातारीचा, हे बघायला तो थांबत नाही. काकूंना हे सांगितले. त्या हसल्या. पण आमच्या कणगीला अजून भोक पडलेले नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एका माणसाला पाळीव मांजरापासूनच प्लेग झाला. तो औषधाने बरा झाला. म्हणजे राखणदार पूर्ण निर्धोक कधीच नव्हता.

आमच्या चिंचपाड्याला ही गोष्ट पुस्तकातली वाटत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. सुरत-भुसावळ मार्ग आमच्या गावावरून जातो. खानदेशातली कितीतरी माणसे सुरतेच्या गिरण्यांत आणि मागांवर. गाड्या दारापर्यंत लोंबकळत्या माणसांनी भरून यायच्या. तोंडाला रुमाल बांधलेले लोक स्टेशनवर उतरायचे आणि गावातली माणसे चार पावले मागे सरायची. त्या आठवड्यात आमच्याकडे मांजरांना एकाएकी भाव आला होता. एरवी हाडत-हुडत करणारे लोक पिल्लू आहे का म्हणून विचारत आले.

बारा वर्षांनी उलटे झाले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी आमच्या नवापूर तालुक्यात बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. देशातला पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. दहाच दिवसांत जर्मनीतल्या र्‍यूगेन बेटावर एका मेलेल्या मांजरात हाच विषाणू सापडल्याची बातमी आली. त्या वेळी आमच्याकडे ठकीची आजी होती. मेलेली कोंबडी मांजर कुठूनही ओढून आणणार, मग तिला हाकलावे का, अशी घरात दोन दिवस चर्चा चालली. आमच्या सौभाग्यवतीने निर्णय दिला: हाकलायची नाही, बाहेरही सोडायची नाही. तीन आठवडे ती मांजर माळ्याच्या खोलीत होती आणि तिचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात होता. सुदैवाने काही झाले नाही. तरी भीती अगदीच खोटी नव्हती. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले, आणि २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरातल्या मांजरांत तो सापडला. मावशी आणि भाचे दोघांनाही तोच आजार. हल्ली आम्ही ठकीला कच्चे काही घालत नाही.

खाण्यावरून आठवले. आपल्याकडे मांजराला पिढ्यान्‌पिढ्या दूध-भाकरी घालत आले. मांजर खरे तर पक्के मांसाहारी. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला अन्नातून, म्हणजे मांस-माशांतूनच, मिळावे लागते. ते कमी पडले तर डोळे जातात आणि हृदयही बिघडते, हे शास्त्रज्ञांना १९७० नंतर कळले. मग आपल्या दूध-भाकरीवरच्या मांजरी आंधळ्या का झाल्या नाहीत? कारण भाकरी आपण घालत होतो आणि उंदीर ती स्वतः आणत होती. आपण तिला पोसतो असे आपल्याला वाटे. खरे पोषण ती बाहेरून करून येई. म्हातारी होऊन उंदीर बंद झाले की मात्र दूध-भाकरी उघडी पडते. हे कळल्यापासून ठकीला उकडलेला मासा देतो, काटे काढून. उकाईच्या पाण्यातले मासे आमच्या बाजाराला येतात. गोड मात्र तिला कळतच नाही. मांजराच्या जिभेला गोडाची चव नसते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. ती श्रीखंड चाटते ते चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी.

गेल्या हिवाळ्यापासून ती पाणी फार पिते. तालुक्याच्या पशुवैद्यांनी मूत्रपिंड थकल्याचे सांगितले. म्हाताऱ्या मांजरांचे हे नेहमीचेच दुखणे. रात्री मध्येच उठून ती ओरडते, हाक मारली की थांबते. संध्याकाळची फेरी लहान झाली आहे. कुंपणापर्यंत जायचे सोडून ती आता पेरूपाशी वळते. कधी कधी तुळशीपाशी उभी राहते, पुढची वाट आठवत असल्यासारखी, आणि मग निघते. पण निघायची वेळ चुकत नाही. या आठवड्यात सहा चाळीस.

मोरीच्या उंबऱ्यावरून तिला उतरता येईना, म्हणून परवा सुताराकडून वीतभर रुंदीची फळी आणून तिरकी लावली. त्यावर जुने गोणपाट ठोकले आहे, नखे घसरू नयेत म्हणून. पहिले दोन दिवस तिने फळीचा वास घेतला आणि शेजारून उतरली. काल फळीवरून गेली.